फाल्कन्सची नववी खेळाडू

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? आता असं समजा, की तुम्ही दुबईत आहात आणि शुक्रवारची सकाळ आहे. त्या वर्षांत तिथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची. तुमच्या पायाखाली वाळू आहे, दाबून दाबून घट्ट केलेली. समोर हिरवं गवत आहे, पण अगदी रुमालाएवढं. कुंपणापलीकडे अर्ध्या बांधलेल्या उंच इमारती आहेत, त्यांच्या डोक्यावर क्रेन आहेत, आणि एकही क्रेन हलत नाही. तुमच्या डाव्या हातात चामड्याचा भला मोठा ग्लव्ह आहे. नाकाजवळ न्या बघू. खोबरेल तेलाचा वास आला? आला ना. मग आता डोळे उघडा, कारण तो ग्लव्ह तुमचा नाही. तो फिझाचा आहे, आणि तिला तो परत हवाय.

फिझा अकरा वर्षांची होती. घराणं दापोलीकडचं, पण जन्म दुबईचा. तिचे अब्बा खैरुद्दीन खिडक्या बसवणाऱ्या एका कंपनीत होते. नवी इमारत उभी राहायची असली, की तिला किती काच लागेल, याचा अंदाज ते काढायचे. अम्मी साजिदा घर सांभाळायची. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या फ्लॅटसमोरच अनुराधा आंटी राहायच्या. या अनुराधा आंटी मूळच्या जळगावच्या. शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळता खेळता थेट महाराष्ट्राच्या संघापर्यंत पोचलेल्या. लग्न झालं, दुबई आली, आणि बॅट माळ्यावर गेली. मग एके दिवशी समोरच्या दारातली पोरगी भिंतीवर चेंडू मारत बसलेली त्यांनी पाहिली, आणि बॅट माळ्यावरून खाली आली.

ग्लव्हला खोबरेल लावायचं त्यांनीच शिकवलं. नवा ग्लव्ह तळलेल्या पापडासारखा कडक असतो. त्याला तेल चोळायचं, पोटात चेंडू ठेवायचा, परकराच्या नाडीने करकचून बांधायचा आणि गादीखाली ठेवून वर निवांत झोपायचं. आठवडाभराने ग्लव्ह असा मऊ होतो, की चेंडू आपण होऊन आत येऊन बसतो. साजिदा म्हणायची, "पोरीच्या केसांना तेल नाही आणि चामड्याला चंपी!"

तुम्हाला क्रिकेट येतं, तेव्हा बेसबॉल फार समजवायला नको. मैदानात नऊ जण असतात. फलंदाज चेंडू मारतो आणि एका बेसवरून दुसऱ्या बेसवर पळतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध जो उभा असतो, तो शॉर्टस्टॉप. सगळ्यांत जोरात आणि सगळ्यांत वाकडे चेंडू त्याच्याकडेच येतात. ज्याचे हात वाऱ्यासारखे चालतात, त्यालाच तिथे उभं करतात. फिझा तिथे उभी राहायची.

पण कुठे? छोट्या टीममध्ये. त्या लीगमध्ये सहा मोठ्या टीम होत्या, आणि मोठ्या टीमना मुलं पुरवायला एक छोटी टीम. तिला मायनर्स म्हणत, रोपवाटिकाच म्हणा ना. छोट्या टीमच्या कोच होत्या अनुराधा आंटी. दर वर्षी जानेवारीत मोठ्या टीमचे कोच एका टेबलाभोवती बसत आणि आळीपाळीने एकेका मुलाचं नाव घेत. ज्याने नाव घेतलं, त्याच्या टीममध्ये तो मुलगा जायचा. याला ते ड्राफ्ट म्हणत. गेल्या वर्षी जी टीम शेवटची आली, तिला या वर्षी पहिलं नाव घ्यायचा मान. शेवटची आली होती फाल्कन्स, आणि तिचे कोच होते सुजीत अंकल.

फाल्कन्सची निळी टोपी आपल्या डोक्यावर यावी, एवढीच फिझाची इच्छा होती. दोन वर्षं तिने त्यासाठी घाम गाळला होता.

आता हे साल होतं दोन हजार नऊ. आदल्या वर्षी तिकडे अमेरिकेत मोठमोठ्या बँका कोसळल्या आणि इकडे दुबईत क्रेन थांबल्या. परदेशातून आलेल्या माणसाला तिथे राहायची परवानगी मिळते ती नोकरीमुळे. त्या परवानगीला व्हिसा म्हणतात. नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि मग थोड्याच दिवसांत घर आवरून निघावं लागतं. त्या हिवाळ्यात रोज कोणाची ना कोणाची नोकरी जात होती. पण सांगत कोणीच नव्हतं. घरमालकाला कळेल, बँकेला कळेल, शेजारी कीव करतील. म्हणून घरोघरी मुलांना एकच वाक्य पढवलेलं. कोणी विचारलं तर म्हणायचं, "ऑल फाइन!"

कुशल नावाचा एक मुलगा फाल्कन्सचा पिचर होता, म्हणजे गोलंदाज. डिसेंबरातल्या एका गुरुवारी त्याने फिझाबरोबर समोसे खाल्ले, "ऑल फाइन, सी यू टुमॉरो" म्हणाला, आणि शुक्रवारी मैदानावर आलाच नाही. त्याचं घरच रिकामं झालं होतं. त्याची बॅट टीमच्या पिशवीत तशीच पडून होती. फिझाला रडू आलं नाही, राग आला. एवढा राग, की त्या बॅटला तिने पायाने ढकलून पिशवीच्या तळाशी घातलं.

आणि मग तिच्याच घरी तीच गोष्ट आली. खैरुद्दीनची कंपनी बंद पडली. सुरुवातीला तेही सांगेनात. रोज सकाळी टाय बांधायचे, डबा घ्यायचे आणि निघायचे. एकदा फिझा शाळेत गेली नाही; दांडी मारली नव्हती बरं का, ताप होता म्हणून घरी होती. ताप उतरला तशी ती गुपचूप खाली पार्किंगमध्ये खेळायला गेली. चेंडू एका गाडीखाली गेला. ती वाकली, उठली, आणि बघते तर गाडीत अब्बा. टाय बांधलेला, मांडीवर डबा उघडलेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अब्बांनी काच खाली केली आणि पोळीचा तुकडा पुढे केला. ती खात खात म्हणाली, "अब्बा, वर येऊन जेवा ना. इथे गरम होतं." त्या संध्याकाळी त्यांनी साजिदाला सगळं सांगितलं. मार्चअखेरपर्यंत राहता येणार होतं, पुढे दापोली.

"पण बाहेर बोलायचं नाही," साजिदाने बजावलं. "कोणी विचारलं तर?"

"ऑल फाइन," फिझा म्हणाली. तिच्या तोंडाला ते वाक्य कडू लागलं.

जानेवारीत ड्राफ्टचा दिवस आला. मैदानाच्या कडेच्या छपराखाली टेबल मांडलं होतं. मुलांची चाचणी झाली. अर्सलान नावाच्या उंच मुलाने दोन चेंडू कुंपणापार घालवले. फिझाकडे आलेला एकही चेंडू तिच्या मागे गेला नाही. मग एकेकाला टेबलापाशी बोलावणं आलं.

सुजीत अंकल जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत माणसं नेमायचं काम करायचे. म्हणजे आधी नेमायचे. ते वर्ष असं होतं, की आठवडाभर ते माणसं कमी करायचं काम करत. शुक्रवारी मैदानावर आले तरी डोकं तिथेच. प्रत्येक मुलाला ते गोड आवाजात एकच प्रश्न विचारत होते.

"अर्सलान, बेटा, डॅडींचं ऑफिस कसं चाललंय?"

"ऑल फाइन, अंकल!"

"गुड, गुड. नेक्स्ट! अरे वा, फिझा. काय हात आहेत तुझे! अब्बांचं ऑफिस कसं चाललंय?"

फिझाच्या डोळ्यांसमोर निळी टोपी होती. दोन शब्द बोलायचे आणि टोपी आपली. अगदी सोपं. पण तिला पिशवीच्या तळाची कुशलची बॅट आठवली.

"नॉट फाइन, अंकल," ती म्हणाली. "अब्बांची नोकरी गेली. आम्ही मार्चअखेरपर्यंत आहोत. तोपर्यंत मी खेळीन."

एक कोच पाण्याची बाटली उघडत होते, त्यांचा हात झाकणावरच थांबला. सुजीत अंकल घसा खाकरून म्हणाले, "ओके बेटा. जा, चेंडू गोळा कर."

ती छपरामागे चेंडू गोळा करायला गेली, आणि तिथे सगळं ऐकू येत होतं.

"पहिलं नाव फिझाचं घ्या," अनुराधा आंटी म्हणत होत्या. "असा शॉर्टस्टॉप तुम्हाला परत मिळायचा नाही."

"ताई, इमोशनल होऊ नका. पहिला पिक म्हणजे इन्व्हेस्टमेंट असते. फायनल एप्रिलमध्ये आहे."

"आणि पहिली मॅच?"

"पुढच्या शुक्रवारी."

"मग पुढच्या शुक्रवारी शॉर्टस्टॉपला कोणाला उभं करणार? एप्रिलला?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. सुजीत अंकल चिडले. "उंच मुलं सगळेच घेतात, लांब मारणारी सगळेच घेतात. मी यंदा वेगळी स्ट्रॅटेजी केली आहे. जो टिकेल, तो जिंकेल. मी टिकणारी मुलं घेणार."

"टिकणारी? सुजीतराव, या मैदानावर व्हिसाशिवाय राहणारा एक तरी माणूस दाखवा मला. तुम्ही, मी, तो चहावाला, सगळे पाहुणेच. मला पोरीचे हात दिसतात, तुम्हाला तिचा पासपोर्ट दिसतो. तुमची मर्जी!"

"अर्सलान," सुजीत अंकल म्हणाले. पहिलं नाव झालं.

फिझाचं नाव कोणीच घेतलं नाही. बाकीच्या कोचांनीही नाही.

घरी साजिदा कपाळाला हात लावून बसली. "खरं बोलायची एवढी कसली गो हौस तुला? दोन शब्द बोलली असतीस तर काय झालं असतं?"

"कुशल बोलला होता ते दोन शब्द," फिझा म्हणाली. "ही डिडन्ट इव्हन से बाय."

साजिदाने नवऱ्याकडे पाहिलं. खैरुद्दीन खिडकीशी उभे होते. ते म्हणाले, "तिला बोलू नकोस. या घरात खोटं कोण बोलत होतं, ते तुला माहीत आहे." मग म्हणाले, "टोपी नाही दिली तर नाही. ग्लव्ह तर कोणी काढून घेतला नाही ना?"

नाही. ग्लव्ह कोणी काढून घेतला नव्हता. आणि फिझाने काय केलं माहीत आहे? दर मंगळवारी संध्याकाळी फाल्कन्सचा सराव असायचा. ती कुंपणाबाहेर जाऊन उभी राहिली, बरोबर शॉर्टस्टॉपच्या मागे. आतल्या मुलाच्या हातून चेंडू सुटायचा, कुंपणाच्या जाळीला खाली एक फट होती, तिच्यातून बाहेर यायचा. फिझा तो झडप घालून उचलायची आणि कुंपणावरून थेट पहिल्या बेसवर फेकायची. तिथे उभी असायची ईशानी, सुजीत अंकलची मुलगी. चेंडू तिच्या ग्लव्हमध्ये थप्पकन बसायचा आणि ती आनंदाने ओरडायची, "आउट!"

"ईशानी! बाहेरच्यांचा थ्रो धरत नाही," सुजीत अंकल दटावायचे.

"पण पप्पा, आतल्यांचा येतच नाही!"

सगळी टीम खिदळायची. सुजीत अंकल पाठ फिरवून उभे राहायचे. पण ती फट त्यांनी कधी बुजवली नाही, हेही सांगायला हवं.

फेब्रुवारीत अर्सलान गेला. तोच, ऑल फाइनवाला. न सांगता, न भेटता. मग आणखी दोघे. सुजीत अंकलनी छोट्या टीममधून त्यांच्या जागी मुलं उचलली, पण उचलताना प्रश्न तोच. त्यात एक मुलगा असा होता, की चेंडू दिसला की डोळे घट्ट मिटून घ्यायचा. पण त्याच्या वडिलांची नोकरी एकदम पक्की होती! त्याला शॉर्टस्टॉपला उभं केलं. तरी इतर टीममधूनही मुलं जात होती, म्हणून रडतखडत फाल्कन्स सेमीफायनलपर्यंत पोचली.

मार्चच्या शेवटी फिझाचं नाव शाळेतून काढलं. घरात पेट्या भरणं चाललं होतं आणि पायात येते म्हणून अम्मी तिला खाली पिटाळायची. एका सकाळी ती पार्किंगच्या भिंतीवर चेंडू मारत होती. चेंडू उसळून दूर गेला, एका पांढऱ्या गाडीच्या चाकाशी थांबला. गाडीचं इंजिन चालू होतं. आत सुजीत अंकल होते. टाय बांधलेला. मांडीवर उघडा डबा.

ऑफिसच्या वेळेला. दुसऱ्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये.

फिझाला काही विचारावं लागलं नाही. असा डबा तिने आधी पाहिला होता. त्यांचं लक्ष नव्हतं. तिने हळूच चेंडू उचलला आणि ती निघून आली. कोणाला बोलली नाही, अम्मीलाही नाही.

मग आला तिचा दुबईतला शेवटचा शुक्रवार. शनिवारी विमान होतं. सेमीफायनल सुरू व्हायची वेळ झाली आणि फाल्कन्सचे आठच जण आले. डोळे मिटणाऱ्या मुलाच्या वडिलांची नोकरी अजून पक्की होती, पण त्याला स्वतःला कांजिण्या आल्या होत्या! अंपायर म्हणाले, नऊ जण उभे करा, नाहीतर मॅच सोडा.

मैदानाच्या कडेला छोट्या टीमची मुलं अनुराधा आंटींबरोबर बसली होती. सुजीत अंकल निळी टोपी हातात घेऊन भराभर चालत आले.

"फिझा, यल्ला, चल! ऊठ. शॉर्टस्टॉप."

दोन वर्षं ज्याची वाट पाहिली, ते समोर होतं. फिझा उठली नाही. तिने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा नीट बांधली.

"अंकल, तुम्ही विचारलंच नाही."

"काय विचारलं नाही?"

"सगळ्यांना विचारता ते."

"अगं, आता कुठे वेळ आहे? अंपायर..."

फिझा उठली आणि त्यांच्या अगदी जवळ गेली. इतरांना ऐकू जाणार नाही, अशा आवाजात म्हणाली, "मग मी विचारते. अंकल, तुमचं ऑफिस कसं चाललंय?"

"ऑल फा..." ते म्हणायला गेले, आणि त्यांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. त्यांनी ईशानीकडे पाहिलं. ईशानी बुटाच्या टोकाने वाळूत रेघ ओढत होती. तिला माहीत होतं. घरातल्या मुलांना सगळं माहीत असतं. त्यांनी फिझाकडे पाहिलं. ती डोळे वर करून उभी होती, हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. नुसती उत्तराची वाट पाहत होती.

"खलास," सुजीत अंकल म्हणाले. "महिना होत आला."

आणि मग ते मागे वळले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "मुलांनो, इकडे बघा. माझी नोकरी गेली आहे. फायनलपर्यंत मी इथे असेन की नाही, मला माहीत नाही. तुमच्याशी मी खोटं वागलो."

मग फलंदाजामागे चेंडू धरणारा कॅचर मुलगा चाचरत म्हणाला, "अंकल, माय डॅड ऑल्सो." त्याच्या शेजारचा म्हणाला, "आमचंही तिकीट काढलंय." ईशानीने सुस्कारा सोडला. "थँक गॉड, पप्पा. आता तरी घरी बसून जेवा."

कुंपणाशी उभी असलेली मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांत खैरुद्दीनही होते, आज टायबिय काही नाही, साधा टीशर्ट. ते जोरात म्हणाले, "सुजीतभाई, माझीही गेली आहे! आपण दोघे मिळून पाणी वाटू!" कोणीतरी हसलं, आणि हसू कुंपणभर पसरलं.

अनुराधा आंटी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "झालं सांगून? मग आता एवढंच बोला, आज मैदानात कोण कोण आहे? अंपायर घड्याळ बघतायत."

"मी आहे," सुजीत अंकल म्हणाले. "उद्याचं ठाऊक नाही. आज आहे."

"मग मीही आहे," फिझा म्हणाली.

त्यांनी टोपी पुढे केली. "जानेवारीत पहिलं नाव तुझंच घ्यायला हवं होतं, बेटा."

तुम्ही म्हणाल, ती लाजून म्हणाली असेल, असू दे हो अंकल. छे!

"हो," ती म्हणाली. "घ्यायलाच हवं होतं."

तिने टोपी डोक्यावर घट्ट बसवली. पिशवीत हात घालून तळाची कुशलची बॅट वर काढली आणि आपल्या पाळीसाठी बाकाला टेकवून ठेवली. मग ती पळत गेली, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध, जिथे दोन महिने कुंपणाबाहेरून बघत होती तिथे. बुटाने वाळू सारखी केली. समोरच्या टीमचा सगळ्यांत दांडगा फलंदाज बॅट फिरवत आला, तिला पाहून आपल्या दोस्तांना म्हणाला, "शी इज फ्रॉम द मायनर्स!" आणि दात काढून हसला.

फिझा मागे सरकली नाही. उलट चार पावलं पुढे आली, खोबरेलचा वास येणाऱ्या त्या ग्लव्हमध्ये मूठ आपटली, गुडघे वाकवले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, "इकडे मार! यल्ला, इकडे!"